सीटा कुणी शिवल्या?

इंग्लंडमधली ती छोटी स्पोर्ट्स कार कंपनी एका शेडमध्ये सुरू झाली, हे मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी त्या शेडचाच राग यायला लागला. प्रत्येक लेखात तोच संस्थापक, त्याच्याच शर्यती, त्याचेच हात. तयार गाडीवर जास्त कर होता, म्हणून कंपनी गाडी सुट्या भागांत विकायची. गिऱ्हाईक घरी नटबोल्ट आवळायचं आणि आयुष्यभर सांगायचं, "मी स्वतः बांधली." सीटा मात्र शिवूनच यायच्या. त्या कुणी शिवल्या? एका लेखात एवढंच सापडलं: शिवणकाम गावातल्या बायका करत. बस.

ती ओळ मला टोचली, कारण माझी आई सीटा शिवते. पिंपरीत रिक्षांच्या शिवायची, आता परदेशात, इंग्लंडहूनही लांब, टाकानिनी नावाच्या उपनगरात आमच्या गॅरेजमध्ये शिवते. इथल्याच हिल्सबरो भागातल्या एका निवृत्त गृहस्थांकडे त्या कंपनीची जुनी हिरवी गाडी आहे. तिच्या सीटांची कुजलेली कव्हरं उसवून, त्यांच्याच तुकड्यांवरून कापून आईने नवी शिवली. ती न्यायला ते आले तेव्हा मी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते हे त्यांना कळलं. त्यांनी मला त्यांच्या क्लबच्या मेळाव्यात कंपनीबद्दल बोलायला बोलावलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईने माझा ड्रेस स्वतः इस्त्री केला.

मेळाव्यात प्रत्येक गाडीच्या काचेवर कार्ड असतं: साल, इंजिन, दुरुस्ती कुणी केली. हिरव्या गाडीवर इंग्रजीत लिहिलं होतं, "सगळं काम मालकाने स्वतः केलं."

"आई, हे बघ काय लिहिलंय!"

"दिसतंय. एवढं इंग्रजी येतं मला."

"मी बोलणार आहे यावर."

"हळू. त्यांचे ते दोन मित्र त्यांच्या गाड्यांच्या सीटा मला शिवायला द्यायचं म्हणतायत. तुझं भाषण होईल आणि माझं काम जाईल."

भाषणात मी शेड सांगितली, कर सांगितला. मग म्हणाले, या कंपनीची एकही गाडी कुणी एकट्याने बांधलेली नाही. शिवणाऱ्या बायकांची नावं मला कुठेच मिळाली नाहीत. आणि आज इथेही तेच चाललंय. त्या हिरव्या गाडीच्या सीटा माझ्या आईने शिवल्यात. ती तिथे उभी आहे.

टाळ्या पडल्या, तुरळक.

मालक लाल चेहऱ्याने आले. "फक्त कव्हरं तर होती," ते म्हणाले. "कार्डावर आम्ही सगळे असंच लिहितो."

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आईला नावाचं स्पेलिंग विचारलं. मला वाटलं ती राहू द्या म्हणेल. तिने एकेक अक्षर सांगितलं, आणि लिहून होईपर्यंत हलली नाही. ते दोन मित्र आमच्याकडे न बघता निघून गेले.

"गेलं बघ काम," गाडीत बसल्यावर आई म्हणाली.

"पण ते खोटं लिहिलं होतं, आई."

"मग मी कुठे खरं म्हणाले? पण काम माझं गेलंय, तुझं नाही."

मोटरवे लागला तरी माझा राग तसाच होता. आता तो त्या दोघांवर जास्त होता. सीटा त्यांना आजही हव्याच होत्या, फक्त शिवणारीचं नाव नको होतं.