एक्का लपवणारे काका

हाताला काम नाही म्हणून आजारी पडलेला माणूस अख्ख्या मिरजगावात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. काका एसटीत कंडक्टर होते. खचाखच गर्दीत, समोरच्या माणसाशी भांडता भांडता, खाली न बघता ते तिकीट फाडत. पुढं मशीन आलं आणि बोटांना बटणं दाबण्यापलीकडं काम उरलं नाही. रिटायर झाल्यावर तेही गेलं. मग ती बोटं जेवताना ताटाच्या कडेवर आणि झोपेत मावशीच्या पाठीवर तिकिटं फाडू लागली.

अशात मी त्यांना मोबाईलवर पत्त्यांचा एक व्हिडिओ दाखवला. हातात बदामाची राणी, तिच्यावरून नुसता तळहात फिरवला की तिथं इस्पिकचा एक्का. काकांनी तो इतक्या वेळा बघितला की मोबाईल गरम झाला. मग म्हणाले, "पोरी, ही माझ्याच बोटांची विद्या हाय." घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून इंग्रजी समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मलाही अर्धंच कळत होतं, पण तसं कबूल करायचा धीर झाला नाही. उरलेलं अर्धं काकांच्या बोटांनी शोधून काढलं. एक्का आधीच तळहाताच्या खोबणीत दडवायचा आणि हात फिरवताना राणीवर ठेवून द्यायचा, एवढंच ते गुपित. अडचण एकच होती. पत्त्याला हात लावण्याआधी काका अंगठा जिभेला लावायचेच. ती तिकिटांची सवय. त्यामुळं एक्का ओल्या अंगठ्याला चिकटून राहायचा, राणीवर उतरायचाच नाही. एकदा व्याह्यांसमोर हात फिरवून काकांनी रुबाबात चहाचा कप उचलला, तर एक्का कपाला चिकटून सगळ्यांना दिसला. व्याही सभ्य माणूस, ते छताकडं बघत राहिले.

पण काका मागं हटणारे नव्हते. एरंडाच्या पानावर, लाईटबिलावर, लग्नपत्रिकेवर सराव चालला. खेळ बघायला येणाऱ्यांना ते आधी ओळीनं बसवत, दारात उभ्या राहिलेल्याला "पुढं सरका, आत जागा हाय" म्हणत, आणि पत्ते ठेवायच्या जुन्या तिकीटपेटीवर दोनदा टकटक केल्याशिवाय सुरुवात करत नसत. सहा महिन्यांत गाव फसायला लागलं. सरपंच फसले, माझे वडील तर तीनदा फसले. फसत नव्हती ती एकटी मावशी. परातीतल्या तांदळातला खडा उंबऱ्यावरून ओळखणारी बाई ती. भाकरी थापता थापता नुसती मान वळवायची आणि म्हणायची, "करंगळीच्या मागं हाय." काकांना गावाची वाहवा नको होती. मावशी एकदा फसावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी दीड वर्ष ते रोज संध्याकाळी तिच्यासमोर हरत होते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडंच होते. काकांनी हात फिरवला आणि नेमका त्या दिवशी घोटाळा झाला. एक्का नीट दडलाच नाही, चांगला बोटभर बाहेर आला. मलासुद्धा तो स्पष्ट दिसत होता. मावशीनं टक लावून बघितलं आणि हसून म्हणाली, "बदललं की वो. जमलं तुमाला."

मला वाटलं, काका आता अंगणात नाचतील. त्यांनी पत्ते गोळा करून पेटीत ठेवले आणि तिला एवढंच विचारलं, "भिंतीवरच्या कॅलेंडरात आज कोणता वार हाय गं?" मावशी म्हणाली, मला काय करायचाय वार. ती जागची उठली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं काका तिला नगरला घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तिला दिवसेंदिवस धूसर दिसत चाललं होतं, पण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. हिरवी पट्टी सुटून महिना झाल्यावर काकांनी पुन्हा तिच्यासमोर पेटीवर टकटक केली. मावशीनं मान वळवली. "अंगठ्याखाली हाय. इतकी वर्सं कंडक्टरकी केली, अन् एक पत्ता लपंना व्हय तुमाला?" काका इतके खूश झाले, की त्यांनी तोच खेळ लगेच पुन्हा हरून दाखवला.

आता त्यांचा हात असा तयार झालाय की शेजारी बसूनही मला काही कळत नाही. मावशीसमोर मात्र ते एक्क्याचा कोपरा नखाएवढा बाहेर ठेवतात आणि पत्त्याकडं न बघता तिच्या डोळ्यांकडं बघत थांबतात. ती बोलेपर्यंत श्वास सोडत नाहीत.