चांदबीच्या घारी

माणसांपेक्षा घारींना अक्कल जास्त, असं चांदबी तोंडावर सांगायची. लोणंदच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, अल्लाबक्षचं, मटणाचं दुकान होतं. समोरच्या कडुनिंबाच्या बेचक्यात काटक्या-चिंध्या कोंबून घारीनं घरटं केलेलं. १९४६ च्या त्या फाल्गुनात आत दोन पिल्लं होती.

बकरं कापलं, की कुठून कुठून वीस-पंचवीस घारी डोक्यावर घिरट्या घालायच्या. आधी त्यांचा सदका, म्हणजे दानाचा घास, मग गिऱ्हाईक, ही अल्लाबक्षच्या बापापासूनची रीत. दिवाळीत घारीच्या नखानं बोट फाटलं, तेव्हापासून तो फुप्फुसाचे तुकडे पळसाच्या पानात गुंडाळून भिरकवायचा. घारी पुडी वरच्या वर झेलायच्या आणि पंजातलं उडता उडताच खायच्या.

पण मग त्या गिऱ्हाइकांच्या पानात बांधलेल्या पुड्यांवरही झडप घालू लागल्या. पंचायतीच्या नानासोंचं मटण दोनदा गेलं. दुसऱ्यांदा तर घरी जावई आलेले.

"सोमवारी झाड तोडतो!" नानासो गरजले. "चोर पाळल्यात तुमी!"

अल्लाबक्ष घाबरला. पोट भरलं की गप बसतील, म्हणून त्यानं सदका दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी घारी चाळीस! वाढप्यानं हात सैल सोडला, तर पंगत वाढणारच की.

चांदबीच्या जिवाला घोर लागला. पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. शनिवारी ती सकाळभर उंबऱ्यात बसून नुसती बघत राहिली. भाजीवालीच्या पाटीकडं घारीनं ढुंकून पाहिलं नाही. गुरव मात्र पानात बांधलेली फुलं घेऊन निघाला, तर पुडी गेली, आणि बाजारावर झेंडूचा सडा पडला.

"आवं!" चांदबी ओरडली. "त्या मटण न्हाई, पान वळखत्यात! आन शिकवलं कुनी? तुमीच!"

"मी?"

"न्हाई, माज्या आईनं!"

रविवारपासून पान बंद. गिऱ्हाइकानं झाकणाचा डबा आणायचा, आणि सदका गावाबाहेर ओढ्याकाठी, थाळीतून.

सोमवारी नानासो कुऱ्हाडवाले घेऊन आले. चांदबीनं त्यांच्या हातात मटणाचा डबा दिला.

"चला, झाडाखालनं जाऊन दावा. गेलं, तर पयला घाव मी घालते."

नानासो डबा छातीशी धरून चालले. मादी खाली आली, डोक्यावरून एक गिरकी घेतली, आणि परत घरट्यावर जाऊन बसली. सगळा बाजार हसला. नानासो तिकडच्या टोकाला उभे, कपाळ पुसत.

"आता ह्या कुऱ्हाडवाल्यांचं काय करू?"

"च्या पाजा," चांदबी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं डबा मागितला.