डावरा हात घेऊन साताऱ्याला

दादाने गाडीला बैल जुंपले तरी माझी आई विलासच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधतच होती. सुटीभर तिने असे कितीतरी दोरे बांधले. खाताना, लिहिताना पोराला या हाताची आठवण व्हावी, असा तिचा हेतू. विलास दोऱ्याकडे बघे, थोडा विचार करी आणि डाव्या हाताने आंबा उचली.

विलास माझा थोरला, सहा वर्षांचा. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या शाळेत त्याचं नाव घातलेलं होतं आणि सोमवारी शाळा उघडणार होती. धाकटी मंगल तीन वर्षांची. तिला शाळेशी कर्तव्य नव्हतं. एक कोंबडीचं पिल्लू बरोबर न्यायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं आणि ते मी तीनदा फेटाळलं होतं.

माझं माहेर तासगावच्या बाजूला. यजमान साताऱ्याच्या कोर्टात, त्यांना रजा मिळत नाही, म्हणून मुलांना घेऊन मीच दरवर्षी जा-ये करते. एकटी बाई कशी जाते, असं लोक विचारतात. मी बी. ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वेळापत्रक वाचता येतं, हमालाशी भांडता येतं. आणखी काय लागतं?

पण या खेपेला मला धास्ती वाटत होती. त्याचं कारण पुढे बसून बैल हाकत होतं.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोही जन्मतः डावरा (डावखुरा). गावच्या शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात सुताच्या दोरीने पाठीमागे बांधला आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. असं कितीतरी दिवस चाललं. हात वळला, पण दादाची जीभ अडखळू लागली. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं आणि पोरं हसायची. एके दिवशी तो पाटी घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. दोरीने जीभ अडखळते का, हे डॉक्टरला ठाऊक. आमच्या घरात सगळ्यांनी तसंच धरलं आहे. त्याच्या पाटीवर पुढे मी शिकले. आणि साताऱ्यात शेजारणीने मला सांगून ठेवलं होतं की पहिलीचे गुरुजी जुन्या वळणाचे आहेत, डाव्या हाताची खोड ते महिन्याभरात मोडतात.

निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विलासला अंगणात कवाईत करायला लावली. आबा पलटणीतून हवालदार होऊन आलेले. सुटीभर दोघांची रोज सकाळी लेफ्ट-राइट चाले. आईच्या दोऱ्याकडे बघून ते म्हणाले, "आगं, पलटणीत पैलं पाऊल डावंच पडतंय. तरी सायेब राज्य करतोयच की."

"मग सायबाच्याच शाळंत घाला त्याला," आई म्हणाली आणि गाठ आणखी घट्ट केली.

येरळेचं पात्र कोरडं होतं. वाळूत चाक रुतलं तसं आम्ही सगळे उतरलो. गाडीत शेंगांचं पोतं, गुळाची ढेप, लोणच्याची बरणी, माझी ट्रंक. साखर रेशनवर, तेव्हा शाळेत वाटायला बत्तासे कुठून आणणार? नव्या मुलाने वर्गाला खाऊ वाटायचा असतो, म्हणून आबांनी शेंगदाणे आणि गूळ दिला होता. दादा चाकाला खांदा लावून उभा राहिला, गड्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या, आणि गाडी हलली. मंगल वाळूत बसून राहिली होती. तिला उचलल्यावर ओच्यात काहीतरी चिवचिवलं. पिल्लू आलेलं होतं. आता परत कोण जाणार? तेही प्रवासाला निघालं.

भिलवडी स्टेशनावर दादाने सामान उतरवलं, फलाटावर रचलं आणि गड्याला सांगितलं की गाडी घेऊन घरी जा. मला वाटलं, आम्हाला बसवून हा मागाहून चालत जाईल. तर तो तिकिटाच्या खिडकीपाशी गेला आणि साताऱ्याचं तिकीट घेऊन आला. पेरणी तोंडावर आलेली. अशा दिवसांत शेतकरी गावची वेस ओलांडत नाही. मी म्हटलं, "दादा, पेरणीची कुरी कोण धरणार?"

"दोन दिसानं काय बिघडत न्हाई," एवढंच तो अडकत अडकत म्हणाला, आणि पोतं उचलून पुरुषांच्या डब्याकडे गेला. त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आपला राग निघून जातो.

बायकांच्या डब्यात गर्दी बेताची होती. कऱ्हाडला निघालेली एक म्हातारी पाटीभर आंबे घेऊन दारापाशीच बसली होती. तिच्यासमोर रहिमतपूरची एक तरुण बाई, मांडीवर तान्हं. गाडी सुटली, आणि मी दशम्या सोडल्या. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेल्या दशम्या प्रवासात दोन दिवस टिकतात. वर शेंगदाण्याची चटणी. म्हातारीने मुलांना एकेक आंबा दिला. विलासने डावा हात पुढे केला.

म्हातारीने आंबा मागे घेतला. "आवं बाई, पोरगं डावरं हाय व्हय?"

मी म्हटलं, आहे.

मग डब्यात जी चर्चा सुरू झाली ती टाकारी गेलं, शेणोली गेलं, तरी संपेना. म्हातारीचं मत, उजव्या हातात घुंगराचं कडं घालावं. रहिमतपूरची म्हणाली, तिच्या थोरल्या दिराचा हात असाच, त्याचं लग्न दोन ठिकाणी मोडलं, कारण पंगतीत त्याने डाव्या हाताने पोळी मोडली. कोपऱ्यातली एक पुढे सरकली. ती म्हणाली की डावी माणसं नशिबाची असतात, पण कोणाच्या नशिबाची ते तिने सांगितलं नाही. मला राहवलं नाही. मी सांगितलं की जेवायचं उजव्या हाताने, हे आम्ही त्याला शिकवतो आहोत, आणि लिहायचं कुठल्या हाताने याच्याशी देवाधर्माचा काही संबंध नाही, मी बी. ए. आहे, मला माहीत आहे.

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बी. ए. हाय, आन पोराचा हात वळवता येत न्हाई व्हय तुमास्नी?"

सगळ्या हसल्या. तान्हंसुद्धा हसलं. मग म्हातारीने विलासच्या डाव्या हातात आंबा ठेवला आणि म्हणाली, "खा रं बाबा. आंब्याला कुठं ठावं हाय." तेवढ्यात मंगलच्या ओच्यातून पिल्लू निसटलं आणि बाकाखाली शिरलं. त्याला धरायला डब्यातल्या साऱ्या बायका वाकल्या, आणि हाताचा विषय एकदाचा मिटला.

दर स्टेशनावर दादा खिडकीशी यायचा. तांब्या भरून द्यायचा, मुलं बघायचा, शिट्टी झाली की पळायचा. कऱ्हाडला म्हातारी उतरली. पुढे डाव्या हाताला नांगरून पडलेली काळी रानं, मधूनच हिरवा उसाचा तुकडा, बांधावर शेळ्या. मुलं झोपली. मी मनातल्या मनात गुरुजींसाठी भाषण जुळवत बसले. मुलांच्या मनाविषयी कॉलेजात जे वाचलं होतं ते आधी, दादाची हकीकत मागून, आणि शेवटी थोडी धमकी, की वेळ आली तर वरपर्यंत लिहीन. कोरेगाव येईपर्यंत भाषण चांगलं तयार झालं होतं.

सातारा रोडला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. तिथून साताऱ्याला मोटार. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली. क्लीनर पंख्याचा दांडा फिरवतो, भट्टी फुलते, आणि मोटार निघते. चढ आला की थांबते. मग उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. आम्ही दोनदा उतरलो. दादाने बैलगाडीसारखी मोटारही खांद्याने लोटली. विलास आणि मंगल भट्टीजवळ जाऊन काळेबेंद्रे झाले, आणि विलासची शाळेसाठी आणलेली नवी टोपी क्लीनरच्या टोपीसारखी दिसू लागली. अजिंक्यतारा दिसला तेव्हा मला घर दिसल्यासारखं झालं. यजमानांनी पिठलं करून ठेवलं होतं. त्यात मीठ नव्हतं, तरी सगळं संपलं. पिल्लू टोपलीखाली गेलं.

सोमवारी दादाने विलासला खांद्यावर घेतलं. भाच्याला पहिल्या दिवशी मामानेच न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. धुतलेली टोपी, नवी पाटी, शेंगदाणे-गुळाची पिशवी. यजमान कोर्टात गेले. मंगलला शेजारणीकडे ठेवून मी मागून निघाले. भाषण पाठ होतं.

शाळेच्या ओसरीवर नुसता आकांत चालला होता. कोणी खांबाला मिठी मारलेली, कोणी आईच्या पदराला. मधोमध गुरुजी, पिकल्या मिशांचे, हातात रूळ. तो रूळ बघूनच माझं भाषणाचं पहिलं वाक्य गेलं. मी दुसरं आठवते आहे, तोवर दादाने विलासला खाली उतरवलं आणि गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला. विसाहून अधिक वर्षांनी तो शाळेच्या ओसरीवर चढला होता.

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि शब्द 'ह'वर अडकला. मान ताठली, कपाळावर शीर उठली. जवळची दोन मुलं रडायची थांबून बघू लागली. अशा वेळी लोक काय करतात ते मला माहीत आहे: त्याचा शब्द आपणच पुरा करून टाकतात. गुरुजींनी तसं केलं नाही. रूळ काखेत धरून ते उभे राहिले, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं.

"हात बांधू नगा त्याचा," दादा शेवटी म्हणाला. "डावरा हाय."

"बरं," गुरुजी म्हणाले. "बघतो." आणि विलासचं बखोट धरून, दुसऱ्या हाताने आणखी एकाला ओढत, ते आत गेले. आतून दार लोटलं गेलं.

बघतो म्हणजे काय? हो की नाही? मी दाराकडे बघत राहिले. एवढं शिकून मला त्या एका शब्दाचा अर्थ लागेना. दादाला म्हटलं, चल घरी. तो नाही म्हणाला. समोर मारुतीचं देऊळ होतं, त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तो तिथेच, शाळेच्या खिडकीकडे तोंड करून. खिडकीतून फक्त पाढ्यांचा आवाज येत होता. विलासचा त्यातून निराळा काढता येईना. घरी येऊन मी शेंगा फोडत बसले आणि निम्मे दाणे टरफलांत टाकले.

शाळा सुटायच्या आधीच मी परत कट्ट्यावर हजर होते. घंटा झाली, पोरं फुटली. विलास मागून आला, टोपी तिरकी, पिशवी रिकामी. दादा पुढे झाला. त्याने पोराला उचललं नाही. त्याचा डावा हात हातात घेतला, बाही वर सारली आणि मनगट फिरवून फिरवून बघितलं. दोरीचा वळ कसा दिसतो ते आमच्या घरात त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे?

वळ नव्हता. करंगळीपासून मनगटापर्यंत हाताची कड पांढरी फटक झाली होती. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्यावरून घासत जातो. पेन्सिलीची सगळी पूड तिथे बसते. उजव्या मनगटावर आईच्या लाल दोऱ्यावर पुडीचा कणही नव्हता.

"गुरुजींनी मला बसायच्या पट्टीच्या टोकाला बसवलं," विलास म्हणाला. "माझं कोपर सदूच्या पाटीला लागत होतं ना. आणि मी ग काढला, पण तो पुसला गेला. उद्या परत काढायचाय. मामा, गूळ सगळा संपला."

दादा खाली बसला. मला वाटलं काही बोलायचं असेल, म्हणून मी थांबले. पण तो हसत होता. मीही कट्ट्यावर टेकले. प्रवासाचा शीण मला त्या क्षणी जाणवला, आणि इतकं बरं वाटलं की तिथेच पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाला मोटारीपर्यंत पोचवायला गेले. क्लीनर भट्टी फुलवत होता. मी दादाला विचारलं, दिवसभर कट्ट्यावर बसून तू काय करणार होतास?

"बांधला असता तर आत जाऊन पोरगं उचलून आणणार हुतो," तो म्हणाला. मध्ये तीन ठिकाणी अडकला, पण वाक्य पुरं केलं. "तू भाषण करत बसली असतीस, शाले."

"आणि मग? त्याची शाळा?"

"मग तू हाईस की बी. ए.," दादा म्हणाला आणि मोटारीत चढला.

चढावर मोटार थांबली असेल आणि दादाने ती ढकलली असेल. पेरणी त्याची दोन दिवस मागे पडली. पीक चांगलं आलं, असं आबांनी पुढे कळवलं. पिल्लाची आता कोंबडी झाली आहे आणि ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर अंडी घालते. विलासचा ग अजून थोडा डावीकडे कलतो. माझं भाषण मात्र जसंच्या तसं उरलं आहे. कुणाला ऐकवावं, हा प्रश्न आहे. मंगलला शाळेत जायला अजून अवकाश आहे, आणि ती उजवी आहे.