बाईंचा फेब्रुवारी

राऊतबाई मधल्या सुट्टीत नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून वह्या तपासायच्या. हिरवा प्लास्टिकचा चिमटा, किंचित उघडं तोंड आणि हातात लाल पेन. विरारच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी हे ध्यान पाहिलं आणि मला हसू फुटलं. बाईंनी मान वर केली आणि चिमटा न काढता, गेंगाण्या आवाजात विचारलं, "काय गं, श्वास घेणारं माणूस कधी पाहिलं नाहीस?"

मग कळलं की हा स्कूबाचा सराव होता. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली जायचं, नाक बंद, श्वास फक्त तोंडाने. बाई भूगोल शिकवायच्या, पन्नाशीच्या पुढे होत्या, लग्न केलेलं नव्हतं, वसईजवळच्या पापडीला भावाच्या कुटुंबाबरोबर वाडीत राहायच्या. केळीच्या बागेतल्या बावखलात, म्हणजे तिथल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, त्या लहानपणी पोहायला शिकल्या होत्या. वर्षानुवर्षं फळ्याशेजारी प्रवाळाचा रंगीत तक्ता टांगून त्या सातवीच्या मुलांना प्रवाळबेटं शिकवत आल्या होत्या, आणि त्यातलं एकही प्रवाळ त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. "न चाखलेल्या आंब्याची चव सांगतेय मी मुलांना. लाज वाटते," असं त्या म्हणायच्या. त्यांना एकदाच, एकदाच, अंदमानच्या समुद्रात खाली जाऊन ते बघायचं होतं.

हे मागणं काही जगावेगळं नव्हतं. पण शाळेत कुणाला ते कळेल तर शपथ. अंदमान म्हटलं की लोक म्हणायचे, "हो हो, जेल बघायलाच हवं." बाई भडकायच्या. "जेल बघेन, नमस्कार करेन, आणि मग पाण्याखाली जाईन. बेटाला एकच इमारत असते का?"

बाईंचा राग म्हणजे एक प्रकरणच होतं. आवाज चढायचा, हातातला खडू मोडायचा, समोरचा शिक्षणाधिकारी आहे की पालक हे त्या बघायच्या नाहीत. पण एवढं ओरडून झाल्यावर शेवटी त्या ऐकायच्या. ही त्यांची खोड मला तेव्हाही खटकायची आणि आज तर तिचा संताप येतो. न ओरडता हवं ते करणारी माणसं शाळेत पुष्कळ होती. बाई ओरडून ओरडून दुसऱ्यांच्या मनासारखं करायच्या.

अडचण सुट्टीची होती. शिक्षकाला मोठी सुट्टी दोनदा मिळते, दिवाळीत आणि मे महिन्यात. बाईंना हवा होता फेब्रुवारी. स्टाफरूमच्या भिंतीवरचा नकाशा पट्टीने ठोकत त्या सांगायच्या, "दर मेमध्ये पेपरात वाचता ना, मान्सून अंदमानात दाखल? आपल्याकडे निकालाची कामं उरकेपर्यंत तिथे तो पोचलेला असतो. मग मी काय छत्री घेऊन बुडी मारू?" कुणी दिवाळीचं नाव काढलं की पट्टी पुन्हा नकाशावर. "आणि दिवाळीत आपला पाऊस जातो कुठे? घरी जातो का? बंगालच्या उपसागरावर जाऊन उलटा फिरतो. त्या बेटाला दोन पावसाळे आहेत, दोन! मधे समुद्र निवळतो तो जानेवारीपासून. आपला पाऊस म्हणजे जगाचा पाऊस नव्हे!"

आमचे हेडसर हे सगळं ऐकून गोड हसायचे. त्यांच्या त्या हसण्याची मला आजही चीड येते. "बाई, फेब्रुवारीत दहावीची पूर्वपरीक्षा. आणि सरकारने दिवाळीची एवढी सुट्टी दिलीय ती कशाला?" बाईंचा सगळा अभ्यासक्रम नाताळाआधीच शिकवून व्हायचा. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला त्यांच्या जागी उभं राहायला मी तयार होते, तसं मी लिहूनही दिलं. हेडसरांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेची घंटाच मागितली होती.

त्या वर्षी स्टाफची सहल निघायची होती, आणि हेडसरांना एकाएकी अंदमान आठवलं. दिवाळीची सुट्टी, शिवाय जेल. बाईंनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हा हेडसरांनी शिपाई धर्माला आत बोलावलं. धर्मा अर्नाळ्याच्या बाजूचा, कोळ्यांच्या घरातला. "तू दर्यावरचा माणूस. तूच सांग, समुद्र कधी चांगला?"

धर्मा बिचारा सरळ बोलला. "नारली पुनव झाली का दर्या खुला, सर. दिवालीत तर पानी एकदम निवांत."

झालं! सगळा स्टाफ हसला, टाळ्या पडल्या, दिवाळी पक्की. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की सगळे समुद्र शांत झाले असं पदवीधर माणसांनी धरून चालायचं, याला काय म्हणावं? भूगोल शिकवणारे तिथे आणखी दोघं होते. त्यांनीही दिवाळीच्या बाजूने हात वर केले.

धर्मावर बाई अजिबात चिडल्या नाहीत. "तो त्याच्या दर्याचं बोलला आणि खरं बोलला. पण नारळ अर्नाळ्याला वाहिला, ते बंगालच्या उपसागराला कोणी कळवलं?" असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, हातातला खडू टेबलावर आपटला, आणि मग सहलीच्या यादीत स्वतःचं नाव घातलं. मी त्यांच्याशी त्या दिवशी भांडले. त्या म्हणाल्या, "भाऊ मला एकटीला सोडत नाही गं. स्टाफबरोबर तरी पोचेन. आणि हेडसरांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय, दिवाळीत जमलं नाही तर फेब्रुवारीत रजा देतो म्हणून."

पोर्ट ब्लेअरला आम्ही उतरलो ते पावसातच. दिवसामागून दिवस पाऊस. स्कूबा चालतं त्या बेटावर जाणारी बोट आज रद्द, उद्या बघू, उद्याही रद्द. बाकीच्यांचं छान चाललं होतं. जेल पाहून झालं, शिंपल्यांच्या किल्लीसाखळ्या घेऊन झाल्या, हॉटेलात पत्ते रंगले. बाई सकाळी उठून धक्क्यावर जायच्या आणि छत्री धरून गढूळ पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी शेजारी. शेवटच्या सकाळी हेडसर सहज फिरत तिथे आले आणि म्हणाले, "काय करणार बाई, निसर्गापुढे कुणाचं चालतं?"

बाईंनी छत्री मिटली. डोक्यावर धो धो पाऊस. "निसर्गाचं नाव घेऊ नका! निसर्ग अगदी वेळेवर आलाय. तुम्ही चुकीच्या वेळी आलात!"

मला वाटलं, आता तरी या माणसाला शरम वाटेल. जानेवारीत बाईंनी रजेचा अर्ज दिला. हेडसरांनी तो परत केला आणि वर तेच गोड हसू. "एवढी काय घाई? आता निवृत्ती आलीच की. मग सगळे फेब्रुवारी तुमचेच."

दिलेला शब्द असा हसत हसत गिळता येतो हे मी तेव्हा पाहिलं. मी बाईंना म्हटलं, रजा मंजूर होऊ दे नाहीतर नामंजूर, तुम्ही निघा. जास्तीत जास्त काय करतील? बाई खूप ओरडल्या, हेडसरांच्या खोलीबाहेर उभ्या राहून ओरडल्या, वर्गातली मुलं दारात आली. आणि फेब्रुवारीत पूर्वपरीक्षेच्या पर्यवेक्षणाला त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

निवृत्तीच्या अलीकडच्या पावसाळ्यात बाईंना हृदयाचा झटका आला. सौम्य होता, वाचल्या. पण वसईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चाला, फिरा, हवं तर विमानात बसा, पण टाकी बांधून पाण्याखाली जाणं आता विसरा. निरोप समारंभात हेडसरांनी शाळेतर्फे त्यांना चाकांची बॅग दिली आणि माइकवर म्हणाले, "आता बाई अंदमानला जायला मोकळ्या!" बॅग घेताना बाईंनी तिची मूठ दोन्ही हातांनी आवळून धरली. ते दुःख आहे असं लोकांना वाटलं. मी जवळ उभी होते. तो राग होता.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी रजा मागितली नाही. बाईंना घेऊन जातेय, एवढं सांगितलं. हेडसरांनी माझा पगार कापला, मेमो दिला. तो मेमो मी अजून जपून ठेवलाय, माझ्या प्रशस्तिपत्रकांच्याच फायलीत. बाईंच्या भावाने या खेपेला हरकत घेतली नाही. आजारी बहिणीला काय नाही म्हणणार?

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर लख्ख ऊन होतं. बोट वेळेवर सुटली. पाणी इतकं नितळ की बोटीच्या कडेवरून तळाची वाळू दिसावी. नकाशावर पट्टी ठोकून सांगितलेला शब्द अन् शब्द खरा होऊन समोर पसरला होता, आणि बाईंचं तोंड उतरलं होतं.

स्कूबाच्या दुकानात एक कागद भरून द्यावा लागतो. त्यात विचारलेलं असतं, हृदयविकार आहे का. मी कानात म्हटलं, "नाही लिहा ना बाई, कोण बघतंय?" त्या माझ्यावर खेकसल्या. "आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्या, आणि आता मी खोटं लिहू?" त्यांनी 'हो' लिहिलं. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. मग बाईंनी पर्समधून हिरवा चिमटा काढला आणि माझ्या हातात दिला. "तू जा. सराव कर थोडा, मग जा."

मला धड पोहताही येत नाही. पण शिकवणारा हात धरून नेतो, तसा त्याने मला नेलं. खाली काय होतं ते सांगायला मी तेव्हाही कमी पडले, आताही पडते. झाडांसारखी, मेंदूसारखी, हाताच्या पंजासारखी प्रवाळं, आणि मधून मासे, कुणाच्याही परवानगीशिवाय हिंडणारे. माझ्या डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी साचलं, ते समुद्राचं नव्हतं. इथे मी कोण? ही जागा माझी नव्हती. ज्या बाईची होती ती वर होडीत छत्री घेऊन बसली होती, एका माणसाच्या गोड हसण्यापायी.

वर आले तर बाई कडेला वाकून वाट बघत होत्या. "लाल आहे का? तक्त्यासारखं लालभडक?"

"नाही बाई. खोल गेलं की लाल दिसतच नाही. तपकिरी, निळसर, जांभळं."

"म्हणजे तक्ता खोटा," त्या म्हणाल्या. "पुढे?"

मी दमले होते. मासे होते, सुंदर होतं, असं काहीतरी बोलले. बाईंचा आवाज चढला. "सुंदर म्हणजे काय? मराठीची बाई ना गं तू? एवढंच पाहून आलीस? परत जा!"

दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून परत गेले आणि या खेपेला नीट बघून आले. संध्याकाळी बाईंनी मला एकेक प्रश्न विचारला, तोंडी परीक्षेसारखा. शेवटी म्हणाल्या, "पास. काठावर." आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसल्या. मी हाक मारली तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी बाई गेल्या. शाळेने शोकसभा ठेवली. हॉलमध्ये त्यांचा फोटो, फोटोला हार. धर्मा दाराशी डोळे पुसत उभा होता. हेडसर माइकवर आले, अंदमानच्या सहलीच्या आठवणी सांगितल्या, पावसाचाही उल्लेख केला, थोडं हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अखेर त्यांची इच्छा पूर्ण झाली. बाई समाधानाने गेल्या."

मी उभी राहिले. माझं नाव वक्त्यांमध्ये नव्हतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "बाई रागावून गेल्या."