पाचवा मांडा

मित्रहो, बारा वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवल्यानंतर मी राजीनामा दिला, हे आपणांस ठाऊक आहेच. सध्या पिंप्राळ्यातील एका अक्कांकडे मी खापरावरचे मांडे, म्हणजे उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या, शिकते आहे. आज परीक्षा होती. एक तरी मांडा अखंड जमला, तरच त्या मला रविवारी जामनेरच्या लग्नाच्या कामाला नेणार होत्या.

पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा असतो. माझे चार फाटले.

मी अक्कांना समजावले, "पीठ मुरले की त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते. मग ते फाटायला नको!"

"बठ्ठं खरं शे, मॅडम. पन तू थांबी थांबी देखस, म्हनीसन फाटस."

खरेच की! हात थांबला की सारे वजन एकाच जागी लोंबते. इतके साधे विज्ञान मला कसे दिसले नाही?

पाचव्या वेळी हात थांबू दिले नाहीत. कडेला बोटभर चीर गेली, तरी मांडा खापरावर पोहोचला.

"रविवारले ये," अक्का म्हणाल्या. "पुरन वाटाले. मांडाले हात लावानं नई."

प्राध्यापकपदाच्या नेमणुकीपेक्षा हा आनंद मोठा का वाटावा? काम बदलून पुन्हा पहिल्या पायरीवर बसलेल्यांनो, तुम्हाला काय वाटले होते?