खुर्चीखालची उशी

मुलुंडच्या आमच्या बागेत रोज सकाळी एक गृहस्थ ॲल्युमिनियमची घडीची खुर्ची घेऊन येतात. खुर्ची मांडली की तिच्या पायांमध्ये जमिनीवर एक उशी सरकवतात आणि मगच बसतात. उशी खाली कशाला, म्हणून मी एकदा न राहवून विचारलं.

"पडलो तर लागू नये म्हणून."

पुन्हा पुन्हा भार पडून वेल्डिंगच्या जोडाला तडा कधी जाईल, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडणं ही त्यांची नोकरी. खुर्चीचंही मांडलं होतं. "ही दिवाळीतच मोडायला हवी होती. होळी आली ना आता." बसण्याआधी ते जोडावरून नख फिरवायचे आणि तोंड पाडायचे. स्वतःचं गणित बरोबर ठरावं म्हणून आपटायला इतका उत्सुक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा धप्पकन आवाज झाला. आम्ही धावलो. ते उशीवर, पाय वर, चेहरा खुललेला.

"मला राहू दे, आधी जोड बघ."

बघितलं. जोड ठणठणीत होता. बसायचं कापड फाटलं होतं.

"कापड मी गणितात धरलंच नव्हतं रे," म्हणाले आणि पडल्यापडल्याच हसत सुटले.

आज खुर्चीला नवं कापड आहे आणि खाली दोन उश्या. दुसरी कापडासाठी.