पावडर अंधारालाच चिकटते

झेरॉक्सचा गरम कागद बाहेर आला की सुलाताई विशे तो आधी गालाला लावत, मग उजेडाकडे धरून तपासत. अक्षर पुसट असेल तर टराटरा फाडून दुसरा काढत. शहापूरला तहसील कचेरीसमोर त्यांची टपरीवजा खोली होती. नव्वदच्या दशकात मी तालुक्याला विज्ञान शिकवायला आलो आणि प्रश्नपत्रिका काढायला त्यांच्याकडे जाऊ लागलो.

एकदा शहाणपणा करून मी त्यांना मशीन कसं चालतं ते सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच तोडलं. "म्हाईत हाय, सर. आतल्या नळीवर वीज बसते. उजेड पडला तिथली वीज मरते. काळं असल तिथं ऱ्हाते, नि तिथंच पावडर बसते. पावडर अंधारालाच चिकटते, माणसासारखी." हेच शिकवायला मला वर्गात दोन तास लागत.

त्यांचा धाकटा भाऊ बाळू डोक्याने जरा अधू होता. एका दुपारी तो घरातून निघाला तो परतलाच नाही. त्याचा एकच फोटो होता. ताईंनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, खाली फोन नंबर लिहिला आणि मूळ फोटो पोलिसांना तपासासाठी दिला. तो फोटो तिथेच कुठेतरी गहाळ झाला. कागद मात्र खर्डीपासून मुरबाडच्या पलीकडपर्यंत लागले. पावसाने ते गळून पडत. दर दिवाळीनंतर ताई उरलेल्या एका कागदावरून नवे काढत, पुढच्या वर्षी त्या नव्यांतल्या एकावरून.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की मधल्या छटा जातात, काळं तेवढं उरतं. सहाव्या वर्षी बाळूचे डोळे म्हणजे दोन डाग झाले होते. पुसट अक्षर खपवून न घेणारी ही बाई तो कागद माझ्यापुढे धरून विचारायची, "वळखू येतो ना, सर?"

"येतो की," मी म्हणायचो. विज्ञानाचा मास्तर मी, पण खरं सांगायचं धैर्य झालं नाही. त्याची लाज आजही वाटते.

मग एक दिवस वैशाखरे गावाहून फोन आला, कागदातला माणूस इथे देवळाच्या ओट्यावर बसलाय. ताईंनी तिथल्या तिथे शटर ओढलं. मुरबाडला एसटी बदलून आम्ही दोघं पोचलो. ओट्यावर कुणी भलताच माणूस होता. ताई कितीतरी वेळ एकदा त्याच्याकडे, एकदा हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या.

"फोन करणाऱ्याची चूक नाय, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "कागदात हाच हाय. आमचा बाळू नाय ऱ्हायला त्यात."